घरपट्टीची कूळकथा

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने घर विकत घेण्याचा उल्लेख केला नाही. त्याच्या काळी सामान्य गृहस्थ वडिलार्जित घरात राही, फार तर नवे बांधी आणि अडचण आली तर गहाण टाकी. तयार घर पैसे मोजून घेण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. आज स्थिती उलट आहे. घर बांधण्याची संधी थोड्यांनाच लाभते, विकत घेण्याची पाळी मात्र बहुतेकांवर येते. आणि ज्याच्यावर ती येते त्याला पहिल्या महिन्यातच उमगते की, विकणाऱ्याला दिलेली किंमत ही घराची संपूर्ण किंमत नव्हे. खरेदीखतावर मुद्रांक हवा, नोंदणीची फी हवी, आणि दारावर आपल्या नावाची पाटी लागते न लागते तोच घरपट्टीचे बिल दाराशी येते. मुद्रांक एकदाच भरावा लागतो, पट्टी दरसाल. या दोन मागण्या आल्या कोठून, आणि त्यांची मोजदाद आज होते तशीच का होते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

'घरपट्टी' हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. पट्टी बसविणे आणि पट्टी उगवणे ही आपल्या गावगाड्याची जुनीच भाषा. मराठी अमदानीत शेतसाऱ्याबाहेरच्या करांना 'मोहतर्फा' असे एक ढोबळ नाव होते. दुकाने, माग, घाणे, कारागिरांची घरे ही त्याची क्षेत्रे. ही पट्टी घराच्या नावाने उगवली जात असली तरी तिची नजर मुख्यतः घरात चालणाऱ्या धंद्यावर असे. जो शेत कसत नाही त्याने राज्याच्या खर्चात अन्य मार्गाने भर घालावी, असा तिचा साधा हिशेब. कंपनी सरकारने हे सर्व कर 1844 सालच्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातून एका फटक्यासरशी काढून टाकले. त्या कायद्याच्या नावातच मोहतर्फा आणि बलुत्यांवरील कर यांचा उल्लेख आहे. म्हणजे आपली जुनी घरपट्टी तेथे संपली. आज आपण भरतो ती पट्टी नाव मराठी मिरवीत असली तरी तिचे कूळ विलायतेचे आहे.

1601 साली, एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या वर्षांत, इंग्लंडात गोरगरिबांच्या पोषणाचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या टापूतील वस्तीने, आपल्या अपंग आणि निराधार माणसांचा खर्च स्वतः उचलावा आणि त्यासाठी तेथील जमिनी व घरे वापरणाऱ्यांवर वर्गणी बसवावी, अशी त्यात तरतूद होती. ही वर्गणी म्हणजेच पुढे 'रेट' म्हणून प्रसिद्ध झालेला कर. तो कोणाकडून किती घ्यावा? माणसाची मिळकत कोणी सांगत नाही. घर मात्र लपविता येत नाही. म्हणून घर हेच ऐपतीचे माप ठरले. या मापातून पुढे विनोदही घडले. तिसरा विल्यम राजा फ्रान्सशी लढत असताना 1696 साली इंग्लंडात घराच्या खिडक्या मोजून कर बसविण्यात आला. लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या आणि अंधारात राहणे पत्करले. तो कर 1851 साली उठला, पण बुजविलेल्या खिडक्यांची जुनी घरे त्या देशात आजही दाखवितात.

खिडक्या मोजण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणून इंग्रज कायदेपंडितांनी एक निराळे माप शोधले, आणि 1836 सालच्या पार्लमेंटच्या कायद्यात ते शब्दबद्ध झाले. घर दरसाल भाड्याने दिले असता त्याला वाजवीपणे जे भाडे येईल अशी अपेक्षा करता येईल, ते त्या घराचे वार्षिक मूल्य. येथे प्रत्यक्ष भाडेकरू असण्याची गरज नाही. मालक स्वतः राहत असला तरीही एक कल्पित भाडेकरू दाराशी उभा करावयाचा, तो काय भाडे देईल याचा अंदाज बांधावयाचा, आणि त्या अंदाजावर खऱ्या मालकाकडून खरे पैसे घ्यावयाचे! श्रोतेहो, या कल्पित भाडेकरूला ध्यानात ठेवा. तो कधी कोणाच्या घरात राहिला नाही. परंतु गेली दीड-दोन शतके आपल्या घरपट्टीचा आकडा त्याच्याच तोंडून आलेला आहे.

हिंदुस्थानात हा पाहुणा प्रथम आला तेव्हा त्याचे स्वागत कसे झाले, ते काशीच्या इतिहासावरून दिसते. 1810 साली कंपनी सरकारने बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस या प्रांतांतील शहरांसाठी पंधरावे रेग्युलेशन काढले. राहत्या घरावर वार्षिक भाड्याच्या शेकडा 5 आणि दुकानावर शेकडा 10 असा कर. घर भाड्याने दिलेले नसेल तर शेजारच्या तशाच घराच्या भाड्यावरून अंदाज करावयाचा. डिसेंबर संपता संपता काशीत मोजणीदार घरोघर हिंडू लागले आणि शहर उठले. उठले म्हणजे दंगा केला असे नव्हे. शहराने काम करणे थांबविले. लोहारांनी पुढाकार घेतला. मग विणकर, नावाडी, न्हावी, दुकानदार असे एकेक करीत सारे मिळाले. हजारो माणसे घरे सोडून शहराबाहेर मैदानात जाऊन धरणे धरून बसली. जातवार पंचायतींनी शपथा घातल्या आणि उपाशी राहणाऱ्यांच्या अन्नाची व्यवस्थाही केली. तरफा बंद, बाजार बंद, प्रेतसंस्काराचीदेखील पंचाईत. गांधीजींच्या जन्मापूर्वी एकोणसाठ वर्षांची ही गोष्ट आहे, हे ऐकणाऱ्याने मनाशी नोंदवावे.

या लोकांनी सरकारला जो अर्ज केला त्यातील युक्तिवाद मला त्या धरण्याहूनही अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वीच्या बादशहांनी रयतेच्या राहत्या घरावर कधी हक्क सांगितला नाही. जमीनदारी लिलावात निघाली तरी मालकाचे राहते घर तेवढे वगळण्याचा रिवाज होता. पोलिसांच्या खर्चासाठी कर हवा म्हणावे, तर तो खर्च काही प्रांतांत मुद्रांकाच्या आणि अन्य करांच्या उत्पन्नातून, तर काशीत जमीनमहसुलातून भागतच आहे. मग हा नवा कर कोणत्या कारणास्तव? शिवाय आपापल्या मोहल्ल्याच्या फाटकांचा आणि चौकीदारांचा खर्च 'फाटकबंदी'च्या वर्गणीतून लोक स्वतःच करीत होते. म्हणजे स्थानिक कराला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. जो पैसा आपल्या गल्लीत खर्च होतो तो ते आधीच देत होते; जो कलकत्त्याच्या खजिन्यात जाणार तो त्यांना द्यावयाचा नव्हता. सरकारने प्रथम देवस्थानांची आणि अत्यंत गरिबांची घरे वगळली, मग वसुली स्थगित केली, आणि 1812 साली तो कायदाच मागे घेतला. चारच वर्षांनी बरेलीस चौकीदारी करावरून मात्र भयंकर रक्तपात झाला; काशीचा संयम सर्वत्र टिकला असे नव्हे.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथे 1793 च्या सनदेच्या कायद्यानेच जस्टिस ऑफ द पीस मंडळींना रस्ते झाडणे, दुरुस्त करणे आणि पहारा ठेवणे यांसाठी घरांवर कर बसविण्याचा अधिकार मिळाला होता. कर घराच्या ढोबळ वार्षिक मूल्याच्या एकविसांशाहून अधिक नसावा अशी सर्वसाधारण मर्यादा होती. पाऊणशे वर्षे हा कारभार मंदगतीने चालला. नंतर 1865 चा कायदा आला आणि त्याबरोबर आला शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, आर्थर क्रॉफर्ड. कापसाच्या व्यापाराने मुंबईत पैशाचा पूर आला होता, आणि तो त्याच सुमारास ओसरूही लागला होता. क्रॉफर्डने गटारे साफ केली, रस्ते रुंदावले, त्याच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली मंडई उभारली. शहराचे आरोग्य सुधारले यात शंका नाही. परंतु खर्चावर लगाम नव्हता. म्युनिसिपालिटी कर्जात रुतली आणि घरांवरील कर वाढतच गेले. 1870-71 साली घरमालकांनी हाकाटी केली. जेम्स फोर्ब्ज या व्यापाऱ्याने हल्ला चढविला. तरुण फिरोजशहा मेहतांनी उलट असे सांगितले की, दोष क्रॉफर्डचा नसून त्याच्यावर देखरेख करणारे लोकनियुक्त मंडळ नाही हा आहे, आणि उपाय म्हणजे करदात्यांना मत. (हाच क्रॉफर्ड पुढे महसूल कमिशनर असताना 1888 साली लाचलुचपतीच्या प्रकरणात सापडला आणि मामलेदारांच्या बाजूने टिळकांनी रान उठविले, हे मराठी वाचकास सांगणे नको.)

1872 सालच्या कायद्याने मुंबईच्या चौसष्ट सभासदांपैकी बत्तीस जण करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. दरसाल निदान 50 रुपये कर भरील त्याला मत. आज आपण मताधिकार जन्मसिद्ध समजतो. परंतु मुंबईत तो प्रथम घरपट्टीच्या पावतीबरोबर हाती आला. जो पट्टी देतो त्याने हिशेब विचारावा, हे सूत्र त्यातून रुजले. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ज्याला घर नव्हते, जो चाळीच्या एका खोलीत भाडे भरून राही आणि ज्याच्या भाड्यात मालकाचा कर मिसळलेला असे, त्याला कर होता पण मत नव्हते.

मोफसलात काय झाले? 1850 सालच्या सव्विसाव्या कायद्याने, ज्या गावच्या लोकांना हवी असेल त्या गावी नगरसुधारणा समिती स्थापन करण्याची सोय झाली. बेळगावची नगरपालिका 1851 सालची, म्हणजे या कायद्याच्या अगदी पहिल्या लेकरांपैकी. परंतु आपल्याकडील बहुतेक गावांनी घरपट्टीपेक्षा जकातीवर भिस्त ठेवली. त्याचे कारण मानवी स्वभावात आहे. घरपट्टीचे बिल नाव-पत्त्यानिशी येते, आकडा डोळ्यांत खुपतो. जकात गुळाच्या ढेपेत आणि तेलाच्या डब्यात विरघळून येते, गृहिणीला कळतही नाही. न्याय पाहू गेल्यास जकातीचा भार गरिबावर अधिक, कारण तो मिळकतीचा मोठा भाग पोटावरच खर्च करतो. पण नगरपित्यांत घरमालकांचा भरणा असल्यामुळे हा युक्तिवाद सभागृहात फारसा ऐकू आला नाही. ही जकात मध्य प्रदेशात 1976 साली, कर्नाटकात 1979 साली, गुजरातेतील महापालिकांत 2007 साली आणि मुंबईत 1 जुलै 2017 रोजी बंद झाली. तेव्हापासून ज्याला नगरपालिकेचे स्वतःचे म्हणता येईल असे मोठे उत्पन्न म्हणजे घरपट्टी. ज्या करास शंभर वर्षे टाळले, त्याच्याच दाराशी शहरे परत आली.

आता पुन्हा आपल्या कल्पित भाडेकरूकडे वळू. मुंबई महानगरपालिकेचा 1888 चा कायदा झाला तेव्हा त्याच्या 154 व्या कलमात 1836 च्या विलायती कायद्यातील तेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे आले. दरसाल जे भाडे वाजवीपणे येईल त्यातून दुरुस्तीबद्दल शेकडा 10 वजा करावे. उरते ते करपात्र मूल्य. महिना 100 रुपये भाड्याच्या घराचे वर्षाचे 1200, त्यातून 120 वजा, म्हणजे 1080 वर कर. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, आणि त्या काळच्या रोखठोक भाषेत 'हलालखोर कर', हे सर्व याच आकड्यावर टक्केवारीने बसावयाचे. हिशेब सोपा होता, आणि भाडी बाजारभावाने चढत-उतरत होती तोवर न्याय्यही होता.

महायुद्धाने तो बिघडविला. शहरांत माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी 1947 साली मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली. त्या घडीला हा कायदा आवश्यक होता, याविषयी मला संशय नाही. परंतु त्याचा घरपट्टीवर काय परिणाम होईल याचा विचार कोणी केला नव्हता. कलकत्ता महापालिकेविरुद्धच्या पद्मादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कायद्यानेच जे भाडे घेता येत नाही ते 'वाजवीपणे येईल' असे कसे म्हणावे? म्हणून करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. पुढे 1979 साली दिवाण दौलत राय कपूर यांच्या खटल्यात न्यायालय एक पाऊल पुढे गेले: प्रमाण भाडे प्रत्यक्ष ठरविलेले नसले तरी, आणि मालक स्वतःच राहत असला तरी, तीच मर्यादा लागू. तर्क निर्दोष होता. परिणाम मात्र विचित्र झाला. गिरगावातल्या किंवा गावभागातल्या मोक्याच्या जागी उभा असलेला जुना वाडा 1940 च्या भाड्यावर नाममात्र पट्टी भरू लागला, आणि त्याच शहराच्या वेशीवर कर्ज काढून दोन खोल्यांची नवी सदनिका घेणाऱ्या कारकुनास त्याच्या कित्येक पट पट्टी आली. जुन्या चाळीच्या मालकाला भाडे पुरेना, म्हणून दुरुस्ती राहिली. भिंती टेकूंवर आल्या. खरी किंमत पागडीच्या रूपाने, पावतीविना, हस्तांतरित होऊ लागली. गोठविलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य ठरली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली स्पष्ट म्हटले, आणि त्यानंतर 1999 चा नवा भाडेनियंत्रण कायदा महाराष्ट्रात आला.

या कोंडीतून सुटण्याचा पहिला धीट प्रयत्न, अनेकांस नवल वाटेल, पाटण्याने केला. 1993 साली त्या शहराने कल्पित भाडेकरूस रजा दिली. घर कोणत्या रस्त्यावर आहे, कशाने बांधलेले आहे आणि कशासाठी वापरतात या तीन गोष्टींवरून चौरस फुटामागे दर ठरवून क्षेत्रफळाने गुणाकार करावयाचा. घरमालकास स्वतःची पट्टी स्वतः काढता यावी, निरीक्षकाच्या मर्जीवर ती राहू नये, हा यातला मोठा लाभ. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. त्यानंतर ज्याने त्याने आपापली वाट धरली. गुजरातेतील महापालिकांनी या शतकाच्या आरंभी क्षेत्रफळाचा मार्ग घेतला. मध्य प्रदेशात विभागवार चौरस फुटाच्या दराने वार्षिक भाडेमूल्य काढतात, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांनी आपले घर कोणत्या विभागात धरले आहे हे आधी पाहावे. हैदराबादेत चौरस फुटामागे मासिक भाड्याचा दर धरण्याचा प्रघात पडला. कर्नाटकातील नगरपालिकांत सब-रजिस्ट्रारच्या मार्गदर्शी किमतीवर आधारलेले स्वयंमूल्यांकन आले. म्हणजे बेळगावचा घरमालक भाड्यावर नव्हे तर घराच्या किमतीवर पट्टी भरतो. पुण्याने 1970 पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्यास वार्षिक भाडेमूल्यात 40 टक्के सवलत दिली होती. ती मध्यंतरी गेली आणि लोकांच्या ओरडीनंतर 2023 साली परत आली.

मुंबईने 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. भाड्याऐवजी घराच्या बाजारभावाचा आधार. येथे एक मौजेची गोष्ट घडली. नव्या नियमांत मोकळ्या जमिनीचे मूल्य ठरविताना तिच्यावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हेही धरण्यात आले होते. कल्पित भाडेकरू गेला आणि त्याच्या जागी कल्पित इमारत आली! 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम अवैध ठरविले. जमीन आज जशी आहे तशीच तिची किंमत करावी, उद्याच्या शक्यतेवर आज कर नको. त्याच वर्षाच्या आरंभापासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस मालमत्ता करातून सूट मिळाली आहे. काशीच्या लोहारांनी मागितले होते ते लहान घरापुरते तरी मुंबईकरास दोनशे वर्षांनी मिळाले, असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही.

घरपट्टीविषयी इतके बोलल्यावर मुद्रांकाविषयी थोडक्यात सांगतो. हा कर हॉलंडात 1624 साली निघाला. इंग्लंडात तो आणला 1694 साली, त्याच तिसऱ्या विल्यमच्या राज्यात आणि त्याच फ्रेंच युद्धासाठी. तो चार वर्षांपुरता म्हणून बसविला आणि आजतागायत तेथे त्याचा वंश नांदतो आहे. बंगाल्यात तो 1797 साली आला, मुंबई इलाख्यात 1815 साली. 1860 साली सर्व हिंदुस्थानास एक कायदा झाला, त्याचा 1899 सालचा अवतार अजून चालू आहे, आणि जुन्या मुंबई राज्याने 1958 साली आपला स्वतंत्र मुद्रांक कायदा केला. नोंदणीचे कायदे 1864 पासून होत होत 1908 च्या कायद्यात स्थिरावले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 100 रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदलेल्या खताशिवाय विकता येत नाही असे लिहिले गेले. तेव्हा 100 रुपयांत घर येई; आज त्या रकमेत घराचे कुलूपही येत नाही, परंतु आकडा तोच आहे. उलट करार नसेल तर खरेदीखताचा मुद्रांक खरेदीदारानेच भरावयाचा, हाही नियम जुनाच.

मुद्रांक किमतीच्या टक्केवारीने असल्यामुळे किंमत कमी दाखविण्याचा मोह उत्पन्न झाला आणि घराला दोन किमती आल्या: एक खतात, एक खिशात. हे मोडण्यासाठी सरकारांनी दरसाल विभागवार किमान किमतींची पत्रके काढण्यास आरंभ केला. खतात काहीही लिहा, मुद्रांक पत्रकातील किमतीहून कमी रकमेवर घेतला जात नाही. काहींनी दुसरी पळवाट काढली, खरेदीखत न करता मुखत्यारपत्रावर घर ताब्यात घेण्याची. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदाने मालकी मिळत नाही असा निर्वाळा दिला. मुद्रांकाचा कागदच खोटा निघाला तर काय, याचाही अनुभव देशाने घेतला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी 2001 साली पकडला गेला तेव्हा बनावट मुद्रांकांचे जाळे किती दूरवर पसरले होते ते उघड झाले, आणि कागदी मुद्रांक जाऊन संगणकावरील मुद्रांकाचा मार्ग त्यानंतर मोकळा झाला. आता याखेरीज बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर वस्तु-सेवा कर लागतो. आणि किंमत 50 लाख वा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने शेकडा 1 प्राप्तिकर कापून सरकारात भरावयाचा असतो. ही दुसरी गोष्ट 2013 पासूनची. पुष्कळांस ती नोटीस आल्यावरच कळते.

गोव्याचा मामला या सर्वांहून वेगळा, आणि अभ्यासकास गोड वाटणारा. तेथे पोर्तुगीज अमदानीत घराची दोन ठिकाणी नोंद होई: मालकीहक्काची 'कोंसेर्वातोरिया'त, आणि कराची 'मात्रिझ' नावाच्या पटात. 1961 साली गोवा मुक्त झाला, नवी जमीन-मोजणी झाली, नवे उतारे आले. तरीही आजच्या खरेदीखतांतून हे जुने दोन क्रमांक अजून लिहिले जातात. पोर्तुगीज राजवट जाऊन साठांहून अधिक वर्षे लोटली, तिच्या करपटातील आकडा मात्र घराची ओळख म्हणून राहिला. आणि तेथील नागरी कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मिळकत सामान्यतः सामायिक असल्याने विक्रीच्या खतावर दोघांचीही सही लागते. नवऱ्याने परस्पर घर विकले ही तक्रार गोव्याबाहेर जितकी ऐकू येते तितकी तेथे येत नाही.

शेवटी घरपट्टीच्या पावतीविषयी. पुष्कळ लोक ती पावती म्हणजेच मालकीचा दाखला समजतात, आणि पावतीवर नाव पाहून बयाणा देऊन मोकळे होतात. पावतीवरून इतकेच सिद्ध होते की त्या माणसाने कर भरला. नगरपालिकेच्या पटातील नाव वसुलीच्या सोयीसाठी असते. मालकी खतावरून आणि वारशावरून ठरते, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. दुसरी गोष्ट थकबाकीची. महापालिकांच्या कायद्यांत घरपट्टी ही मिळकतीवरील पहिला बोजा मानली आहे. मालक बदलला तरी बाकी घराला चिकटून राहते. अमदाबादेस एकाने नादारीत निघालेली मिळकत लिलावात घेतली आणि मागाहून महापालिकेने जुन्या बाकीपोटी तिच्यावर हात टाकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बोजाची कल्पना नसताना मोल देऊन घेणाऱ्यास, कायद्यात स्पष्ट तरतूद असल्याखेरीज, तो बाधत नाही, असा निकाल त्याला मिळाला. परंतु तो मिळाला 1971 च्या सुमारास, आणि मिळकत त्याने घेतली होती 1954 साली. ही सतरा वर्षे वाचवावयाची असतील तर बयाण्यापूर्वीच विकणाऱ्याकडून चालू वर्षाअखेरपर्यंतच्या घरपट्टीच्या आणि पाणीपट्टीच्या पावत्या, थकबाकी नसल्याचा नगरपालिकेचा दाखला, आणि निदान तीस वर्षांच्या नोंदणी-दप्तराचा शोध घेतल्याचा वकिलाचा कागद मागून घ्यावा. आणि घर नावावर झाल्यावर पटात नाव बदलण्याचा अर्ज त्याच महिन्यात करावा.